डीअँजेलोचं 'वूडू' (डबल एलपी): निओ-सोल ऐकायचंय तर इथून सुरू करा

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकन गायक डीअँजेलो गेला. ५१ वर्षांचा होता, स्वादुपिंडाचा कॅन्सर. बातमी वाचली त्या रात्री मी फोनवर त्याची गाणी लावली आणि दहा मिनिटांत बंद केली, कारण फोनच्या स्पीकरमधून बेस ऐकूच येत नव्हता आणि ह्या माणसाच्या गाण्यातून बेस गेला तर अर्धं गाणं गेलं. मग ठरवलं की त्याचा 'वूडू' अल्बम आता रेकॉर्डवरच घ्यायचा, इतकी वर्षं नुसतं घेऊ घेऊ करत होतो. गेले काही महिने आठवड्यातून दोन-तीनदा तरी लावतोय, म्हटलं आता लिहावं. शिवाय मला दोघा-तिघांनी विचारलंय की निओ-सोल निओ-सोल म्हणतोस ते नक्की काय असतं आणि कुठून सुरुवात करायची, तर हे त्यांच्यासाठी पण.

आधी वस्तूबद्दल. दोन रेकॉर्ड आहेत, मला साधारण ४० डॉलर पडले. एकूण गाणी १३ आणि सगळं मिळून ७९ मिनिटांच्या आसपास, म्हणजे दर वीसेक मिनिटांनी उठून बाजू बदलायची. पहिली कॉपी ऑनलाइन मागवली होती ती खराब निघाली, कव्हरचा कोपरा पार चेपलेला आणि दुसऱ्या रेकॉर्डवर एक चरा, दर फेऱ्याला टक, टक, टक. विक्रेत्याने बदलून दिली पण दोन आठवडे खाल्ले. त्यामुळे सांगतो, हातात आल्यावर लगेच चारही बाजू एकदा वाजवून बघा, महिन्याभराने लक्षात आलं तर कोणी परत घेत नाही. आणि ह्या रेकॉर्डवर तो टक जास्तच जाणवतो कारण वाद्यांच्या मधे खूप मोकळी जागा सोडलीये.

आता निओ-सोल म्हणजे काय. ७० च्या दशकातलं अमेरिकन सोल म्युझिक घ्या, मार्विन गे, स्टीव्ही वंडर, डॉनी हॅथवे, रोबर्टा फ्लॅक ही मंडळी, खरे ड्रम, खरा बेस, फेंडर रोड्सचा तो घंटीसारखा घुमणारा इलेक्ट्रिक पियानो, ब्रासवाले, आणि चर्चमधून आलेलं गाणं. ८० च्या दशकात हे सगळं बाजूला पडलं, सिंथेसायझर आणि ड्रम मशीन आली, आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) एकदम चकचकीत झालं. पण त्याच वेळी एक पिढी घरात आईबापांच्या सोलच्या रेकॉर्ड ऐकत आणि गल्लीत हिप-हॉप ऐकत मोठी होत होती. हिप-हॉपवाले त्याच जुन्या रेकॉर्डचे तुकडे कापून त्याचं नवीन गाणं करत होते. ही पोरं स्वतः वाद्यं घेऊन बसली तेव्हा त्यांच्या हातातून दोन्ही बाहेर आलं, आईबापांचं सोल आणि गल्लीतला बीट. तेच निओ-सोल. डीअँजेलोचा पहिला अल्बम 'ब्राउन शुगर' १९९५ चा, मॅक्सवेलचा 'अर्बन हँग स्वीट' १९९६, एरिका बडूचा 'बडूइझम' १९९७, लॉरिन हिलचा 'मिसएज्युकेशन' १९९८. चार वर्षांत हे चार.

नाव दिलं केडार मॅसेनबर्गने. तो डीअँजेलोचा मॅनेजर होता, एरिका बडूलाही त्यानेच पुढे आणलं, नंतर मोटाउन ह्या रेकॉर्ड कंपनीचा प्रेसिडेंट झाला. म्हणजे हे नाव धंद्याच्या माणसाचं, रेकॉर्ड कुठल्या खणात ठेवायची त्यासाठीचं. गाणाऱ्या बऱ्याच जणांना ते आवडलं नाही. डीअँजेलोने तर नंतर एका मुलाखतीत स्पष्ट सांगितलं की मी निओ-सोल करतो असं मी कधीच म्हटलेलं नाही, मी ब्लॅक म्युझिक करतो. मला त्याचं पटतं. तरी मी हा शब्द वापरतो कारण नवीन माणसाला शोधायला ह्याच नावाने सगळं सापडतं.

मी सध्या जर्सी सिटीत राहतो. पाथ ट्रेनने न्यूयॉर्कमधे नाइन्थ स्ट्रीटला उतरलं की पाच मिनिटांवर, ५२ वेस्ट एट्थ स्ट्रीटला इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओ आहे. हा स्टुडिओ गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सने १९७० मध्ये बांधून घेतला आणि बिचारा त्याच वर्षी गेला. स्टीव्ही वंडरने ७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे रेकॉर्डिंग केलं, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी डीअँजेलो आपली माणसं घेऊन तिथेच येऊन बसला. आत जाता येत नाही, चालू स्टुडिओ आहे. मी एका शनिवारी बाहेर फुटपाथवर उभं राहून हेडफोनवर पहिलं गाणं पूर्ण ऐकलं. समोरून माणसं कॉफी घेऊन चालली होती, कोणाचं लक्ष नव्हतं, माझ्या अंगावर मात्र काटा आला.

आत काय चाललं होतं ते ऐका. डीअँजेलो, द रूट्स ह्या हिप-हॉप बँडचा ड्रमर क्वेस्टलव्ह, कीबोर्डवाला जेम्स पॉयझर आणि डेट्रॉइटचा बीटमेकर जे डिला, ह्या चौघांची रास कुंभ, इंग्रजीत अ‍ॅक्वेरियस, म्हणून ग्रुपचं नाव सोलक्वेरियन्स. एकाच इमारतीत एकाच काळात 'वूडू' चालू, कॉमन नावाच्या रॅपरचं 'लाइक वॉटर फॉर चॉकलेट' चालू, एरिका बडूचं 'मामाज गन' चालू, आणि वाजवणारे बरेचसे तेच. ह्या खोलीतून त्या खोलीत. 'चिकन ग्रीस' हे गाणं तर आधी कॉमनसाठी होत होतं, डीअँजेलोला इतकं आवडलं की त्याने ते मागून घेतलं आणि बदल्यात दुसरं दिलं. तिन्ही अल्बम २००० सालात आले. 'वूडू' पहिला, २५ जानेवारीला, आणि सरळ बिलबोर्डच्या अल्बमच्या यादीत एक नंबरला. हा असला संथ, पुटपुटणारा अल्बम एक नंबरला गेला ह्याचं मला अजून नवल वाटतं. इंजिनिअर रसेल एलेवाडो, सगळं टेपवर रेकॉर्ड केलेलं, जुनी यंत्रं, जुने माइक. म्हणून आवाज असा उबदार येतो, ढोलकीला शाई नीट बसलेली असली की जसा गोल येतो ना तसा.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो. लय.

मी शाळेत असताना सात वर्षं तबला शिकलो, फार पुढे गेलो नाही, पण एक गोष्ट डोक्यात बसली. सर म्हणायचे, घाई करू नकोस, मात्रा पूर्ण होऊ दे, बोल तिच्या मागच्या टोकाला ठेव. 'वूडू' लावल्यावर पहिल्यांदा मला तेच आठवलं. अख्खा अल्बम मात्रेच्या मागच्या टोकाला वाजवलाय. स्नेअर (ड्रममधला कडक वाजणारा) थोडा उशिरा येतो, बेस त्याच्याही मागून, आणि हाय-हॅट (पायाने उघडझाप करायच्या झांजा) बऱ्यापैकी सरळ चालतो त्यामुळे ह्या दोघांचं मागे राहणं जाणवतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं ठेका सुटला. सुटत नाही. दर वेळी समेवर सगळे अगदी आरामात भेटतात.

हे आलं कुठून, तर जे डिलाकडून. ड्रम मशीनवर बोटाने ठोका मारला की मशीन तो आपोआप जवळच्या मात्रेवर नेऊन बसवतं, त्याला क्वांटाइझ म्हणतात, सगळे तेच चालू ठेवून काम करायचे. डिला बऱ्याचदा ते बंद करायचा. त्याच्या अकाई एमपीसी मशीनवर तो बोटाने जसं मारेल तसंच राहायचं, थोडं पुढे, थोडं मागे, पण दर वेळी तेवढंच. म्हणजे चूक नव्हे, मोजून मापून ठेवलेला झोल. (ते मशीन आता वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन म्युझियममध्ये ठेवलंय, बोला.) डीअँजेलोला तो झोल खऱ्या ड्रमवर हवा होता. क्वेस्टलव्ह म्हणजे घड्याळासारखा वाजवणारा माणूस, आणि त्याला सांगितलं की मागे राहा, अजून मागे, अजून. त्याने नंतर सांगितलंय की आपण आयुष्यभर जे शिकलो ते विसरून वाजवायचं होतं, लोक काय म्हणतील ह्याची भीती वाटायची. मला हे वाचून फार बरं वाटलं, इतका मोठा वाजवणारा पण घाबरतो.

आणि बेसवर पिनो पॅलॅडिनो. हा वेल्सचा, कार्डिफचा गोरा माणूस, आणि असा वाजवलाय की डीअँजेलोच्या गावच्या, रिचमंडच्या चर्चमधेच वाढला असावा. 'प्लेया प्लेया' ऐका, पहिलंच गाणं आहे, सात मिनिटांचं. सुरुवातीला लांबून माणसांचा गलका येतो, मग हळूहळू एकेक जण येऊन बसतो आणि बेस आला की खोलीची हवाच बदलते. तो नोट वाजवतो आणि सोडतो आणि पुढची नोट यायला हवी तिथे येतच नाही, आपण थांबून राहतो, आणि मग येते. हे थांबून राहणं हीच ह्या संगीतातली मजा आहे, ज्याला ती आवडली त्याला निओ-सोल आवडलं म्हणून समजा.

डिसेंबरात बाबा आले होते साताऱ्याहून. बाबा भजनी मंडळात पखवाज वाजवतात, चाळीस वर्षं. बाहेर बर्फ, त्यांना कुठे जाता येईना, मी संध्याकाळी रेकॉर्ड लावली. पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हा वाजवणारा मागं राहतोय का रे, का मुद्दाम करतोय?" मी म्हटलं मुद्दाम. मग त्यांनी मांडीवर हात ठेवून धरायचा प्रयत्न केला, दोनदा हात पुढे गेला, तिसऱ्यांदा बरोबर बसला, आणि हसले. म्हणाले, "ह्याला घाई नाही कसलीच. चांगलाय." इंग्रजी शब्द एक कळला नाही त्यांना, आणि खरं सांगायचं तर शब्द मलाही निम्मे कळत नाहीत, त्याबद्दल खाली बोलतो.

बाबांना आवडायचं अजून एक कारण मला नंतर सुचलं. डीअँजेलोचे वडील पाद्री होते, पेंटेकोस्टल चर्चचे, व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंडमधे, आणि तो लहानपणापासून चर्चमधेच वाजवायला बसायचा. तिथल्या प्रार्थनेत एक गातो, बाकीचे उचलतात, मग तो अजून वर जातो, मग ते. आपल्याकडे भजनात बुवा आणि मागचे टाळकरी असतात तसंच. 'वूडू'मधे ते मागचे सगळे आवाज बहुतेक त्याचे स्वतःचेच आहेत, एकावर एक थर चढवलेले, एक कुजबुजणारा, एक फाल्सेटो, म्हणजे पातळ केलेला वरच्या पट्टीतला, एक खालून गुरगुरणारा. एकटा माणूस गातोय आणि ऐकताना चर्चमधला आख्खा घोळका.

गाण्यांबद्दल सगळंच लिहीत बसत नाही, मला जी लागली ती सांगतो. 'स्पॅनिश जॉइंट' मधे चार्ली हंटर आहे, तो आठ तारांच्या गिटारवर बेस आणि गिटार एकाच वेळी वाजवतो, दोन माणसं वाटतात, आणि वरून रॉय हार्ग्रोव्हचा ट्रम्पेट. अख्ख्या अल्बममधे हेच एक गाणं जरा पळतं, लॅटिन अंगाचं आहे, स्वयंपाक करताना लावायला एकदम बेस्ट. 'द रूट' पण हंटरचंच, तिथे गिटारचा एक भाग उलटा वाजवून घातलाय, एकट्याने ऐकायचं गाणं आहे ते. 'डेव्हिल्स पाय' हिप-हॉपवाल्या डीजे प्रीमियरने केलंय, पैशाच्या हव्यासावर आहे, त्यात वाद्यं जवळजवळ नाहीतच, बेसचा एक तुकडा आणि ठोका, आणि वरती तो रागाने गातोय पण आवाज न चढवता. 'फील लाइक मेकिन लव्ह' रोबर्टा फ्लॅकचं १९७४ चं गाजलेलं गाणं, इथे इतकं सैल करून गायलंय की मूळ गाणं माहीत असलं तरी ओळखायला दोन ओळी जातात. शेवटचं 'आफ्रिका' त्याच्या मुलासाठी आहे, हळू, अंगाईसारखं.

आणि 'अनटायटल्ड'. रफाएल सादिकबरोबर लिहिलेलं, प्रिन्सच्या वळणाचं. सहा मात्रांचं संथ गाणं, बाबांनी लगेच दादरा म्हणून धरला. सात मिनिटं ते हळूहळू वर चढतं, घाई न करता, शेवटी तो पूर्ण गळा सोडून गातो, मागचे सगळे थर एकदम उघडतात, आणि तिथेच, शब्दाच्या मधेच, गाणं कापल्यासारखं बंद होतं. बाबा दचकले, "लाइट गेली का?" रेकॉर्ड खराब नाहीये, घाबरून परत करू नका. टेप संपली होती आणि त्यांनी ते तसंच ठेवलं. ह्या गाण्याला ग्रॅमी मिळालं, अल्बमला पण.

त्या गाण्याच्या व्हिडिओबद्दल लिहायलाच हवं. कॅमेरा फक्त त्याच्या उघड्या अंगावर, बाकी काही नाही. व्हिडिओ प्रचंड गाजला आणि त्यानंतर टूरवर लोक गाणं सोडून शर्ट काढ म्हणून ओरडायला लागले. ज्या माणसाने एकेका ठोक्यासाठी महिने घालवले त्याला लोक अंगासाठी बघायला येतायत. तो आतून मोडला. पुढचा अल्बम 'ब्लॅक मेसाया' यायला डिसेंबर २०१४ उजाडलं, म्हणजे जवळजवळ १५ वर्षं. तेवढ्यात डिला गेला, फेब्रुवारी २००६, नुकती ३२ पूर्ण. हार्ग्रोव्ह गेला २०१८ ला. आता डीअँजेलो. उभ्या आयुष्यात तीन स्टुडिओ अल्बम. मी कधी कधी रेकॉर्ड काढून परत कव्हरमधे घालताना हे आठवून जरा वेळ तसाच बसतो.

आता न आवडलेलं. एक, शब्द. तो पुटपुटतो आणि मिक्समधे आवाज वाद्यांच्या बरोबरीने ठेवलाय, वर काढलेला नाही, त्यामुळे गाण्याचे शब्द समजून घेऊन ऐकणाऱ्याला त्रास होणार. शब्द छापलेले घेऊन एकदा बसा, मग सोडून द्या. दोन, 'लेफ्ट अँड राइट'. मेथड मॅन आणि रेडमॅन हे दोघंही रॅपर मला आवडतात, पण इथे ते मधेच येऊन जोरात बोलायला लागल्यासारखे वाटतात, बाकीच्या अल्बमची जी शांतता आहे ती मोडते. मी बऱ्याचदा सुई उचलून पुढे नेतो. तीन, लांबी. ७९ मिनिटं सलग बसून ऐकायला पहिल्यांदा जड जातं, मधला भाग एकसारखा वाटू शकतो, मला वाटला होता. एका दिवशी एकच रेकॉर्ड ऐका, दुसरी दुसऱ्या दिवशी, घाई कसली.

आणि हे फोनवर ऐकून मत बनवू नका, ही मी हात जोडून विनंती करतो. साधे बुकशेल्फ स्पीकर चालतील, माझे पण जुनेच आहेत, सेकंडहँड, किंवा कानावर पूर्ण बसणारे हेडफोन. महाग काही लागत नाही, बेस स्वच्छ यायला पाहिजे एवढंच. रेकॉर्ड प्लेअर नसेल तर फक्त ह्यासाठी घेऊ नका, सीडी किंवा स्ट्रीमिंगवर पण चांगलं आहे, फक्त नीट स्पीकरवर लावा आणि शफल बंद करा, कारण गाण्यांच्या मधे जे बोलणं, गलका वगैरे येतो त्यावरूनच एक गाणं दुसऱ्यात जातं.

ज्यांना 'वूडू' पहिल्या घासाला जास्त होईल असं वाटतंय त्यांनी आधी 'बडूइझम' ऐका. 'ऑन अँड ऑन' सुरू झालं की तीस सेकंदांत कळेल हे आपलं आहे की नाही. एरिका बडू टेक्सासमधल्या डॅलसची, आवाज पातळ, थोडा नाकातून, आणि शब्द खेचायची पद्धत अशी की वाटतं बाई मांडी घालून समोर बसून बोलतेय. ज्यांना शब्द हवेत त्यांनी लॉरिन हिल, ती आमच्या इथलीच, न्यू जर्सीतल्या साउथ ऑरेंजची, तिच्या अल्बमवर 'नथिंग ईव्हन मॅटर्स' आहे त्यात डीअँजेलो तिच्याबरोबर गातो. दोघं इतकं हळू गातात की आपणही नकळत आवाज कमी करून बोलायला लागतो. जिल स्कॉट फिलाडेल्फियाची, तिचं गाणं म्हणजे निम्मं बोलणं, रोजच्या आयुष्यातलं, शेजारचं कोणीतरी पायरीवर बसून मनातलं सांगतंय असं. नवीन काही हवं असेल तर मेलबर्नचा हायटस कायोटी बँड आहे, तो मात्र थोडा अवघड, मात्रा मोजत बसलात तर वेड लागेल, सोडून द्या आणि ऐका. जॅझ आवडणाऱ्यांनी रॉबर्ट ग्लास्परचं २०१२ चं 'ब्लॅक रेडिओ' घ्या.

माझ्याकडून 'वूडू'ला पाचपैकी साडेचार, अर्धा 'लेफ्ट अँड राइट' मुळे कापला. 'मामाज गन' ची एलपी ऑर्डर केलीये, ह्या वेळी दुसऱ्या दुकानातून, पुढच्या आठवड्यात येईल. चारही बाजू ऐकून झाल्या की तिच्याबद्दल लिहितो.